तुम्ही विचारलंत म्हणून : 'एमी लेदु, अक्का'

परवा सोलापुरात सात रस्त्याला रिक्षाची वाट बघत होते, तर एका जुन्या विद्यार्थिनीनं गाठलं. "मॅडम, तुम्ही सोशल वर्करच्या सुपरव्हायजर आहात ना? त्याचा कोर्स कुठं असतो? किती महिन्यांचा?" तेवढ्यात रिक्षा आली आणि उत्तर राहिलं. हा प्रश्न वर्षातून दहा वेळा तरी येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

वडील गिरणीत होते. मी सुपरव्हायजर झाले म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "किती माग बघतेस?" माग नाहीत, माणसं आहेत, असं सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे जॉबरच की!" (जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम.) आमच्या गावात सुपरव्हायजर म्हणजे मागं हात बांधून फिरणारा आणि चुका काढणारा माणूस. निम्म्या संस्थांमध्ये आजही हेच चालतं, त्यामुळे वडिलांना मी फारसा दोष देत नाही.

कोर्सचं विचाराल तर, परदेशात त्याची रीतसर शिडी आहे. अमेरिकेत मास्टर्स झाल्यावर सुपरव्हायजरच्या हाताखाली काम करावं लागतं, अनेक राज्यांत सुमारे ३,००० तास. मग परीक्षा आणि परवाना. टेक्सासमध्ये त्यानंतर आणखी काही काळ काम करून सुपरव्हिजनचं ४० तासांचं प्रशिक्षण घेतलं, की परवान्याच्या नावापुढं 'एस' लागतो. आपल्याकडं मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्या आहे : समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., आणि त्यात देखरेखीखालचं क्लिनिकल प्रशिक्षण. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या यादीतही क्लिनिकल, मनोविकार आणि वैद्यकीय समाजकार्यकर्ते आले. शिकणाऱ्यावर कुणाची तरी देखरेख हवी, हे कायद्याला मान्य आहे. तो 'कुणीतरी' कसा तयार व्हावा, हे मात्र त्या व्याख्येत नाही.

माझ्या बाबतीत तो असा तयार झाला : एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), सात वर्षं कौटुंबिक समुपदेशन, आणि एका सोमवारी संस्थेत सांगितलं गेलं, "तुम्ही सीनियर आहात, आता या चौघींचं तुम्ही बघा." काय बघायचं ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण पगारात फरक पडणार होता.

त्या चौघींतली एक चोवीस वर्षांची होती. तिची एक केस कुंभारीच्या बाजूला, विडी कामगारांच्या वसाहतीतली. बाई घरात बसून विड्या वळायची, नवरा यंत्रमागावर. दारू, मारहाण. ही चार वेळा जाऊन आली. चारही रेकॉर्डमध्ये तेच : 'बाई बोलत नाहीत. "एमी लेदु, अक्का" एवढंच म्हणतात.' म्हणजे तेलुगूत, काही नाही, ताई. मी हिला केबिनमध्ये बोलावून विचारायची, नेमकं काय झालं? तीही म्हणायची, "काही नाही, मॅडम."

पाचव्या वेळी मी स्वतः गेले. शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात वाढल्यामुळं तेलुगू येतं, डोक्यावर पांढरे केस. बाई अर्ध्या तासात बोलली. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडं कौटुंबिक घटनेचा अहवाल गेला, पुढची कारवाईही नीट झाली. मी खूश होते. नंतर बाई त्या मुलीला म्हणाली, "तू नको, मोठ्या अक्काला पाठव." दोन महिन्यांनी मुलीनं राजीनामा दिला. कारण लिहिलं होतं : घरगुती.

केस सुटली होती, त्यामुळं मला कुणी काही बोललं नाही. माझ्याच मनातून मात्र ते जाईना. ओळखीतून पुण्यातल्या एका निवृत्त मनोविकार समाजकार्यकर्त्या बाईंकडं महिन्यातून एकदा जायला लागले. पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस, स्वतःच्या पैशानं. (संस्थेनं तिकीट मंजूर केलं नाही. 'सुपरव्हायजरला कसली सुपरव्हिजन?')

पुण्याच्या बाईंनी ती जुनी रेकॉर्ड वाचली आणि विचारलं, "ती विडीवाली कशी बसते?"

"सूप मांडीवर, मान खाली. हात थांबत नाहीत."

"आणि तुमची मुलगी, तुमच्यासमोर?"

ती फाइल मांडीवर घेऊन, मान खाली घालून पेनाचं टोपण फिरवत बसायची. चार महिने माझ्यासमोर ते घर बसलेलं होतं आणि मी मात्र भेटी मोजत होते. अशिलाशी जे घडतं ते कार्यकर्ता नकळत सुपरव्हायजरच्या खोलीत घेऊन येतो, हे हॅरॉल्ड सर्ल्स या मनोविश्लेषकानं १९५५ मध्येच लिहिलं होतं. परीक्षेत मी त्यावर पाच मार्कांचं उत्तरही लिहिलेलं असावं.

मी त्या घरी जायला नको होतं का? याचं उत्तर सरळ नाही. जिवाला धोका असेल तर मी आजही जाईन. मुलावर लैंगिक अत्याचाराची माहिती आली, तर पॉक्सो या बालसंरक्षणाच्या कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे. तिथं कुणाचं शिकणं वगैरे बघत बसायचं नाही. पण त्या दिवशी तसं काही नव्हतं. मला फक्त मुलीची चाल हळू वाटत होती.

आता आठवड्याला एक तास, ठरलेल्या वेळी, दार लावून. चहा पिता पिता किंवा स्कूटरवर मागं बसवून जे होतं त्याला मी सुपरव्हिजन म्हणत नाही. प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीतल्या बोलण्याची नोंद, शब्दाला शब्द आणायचं, गप्प बसलेल्या जागांसकट. समाजकार्याचे अमेरिकन अभ्यासक आल्फ्रेड कडूशिन यांनी सुपरव्हायजरची तीन कामं सांगितली : प्रशासन, शिकवणं आणि आधार देणं. पुस्तकात ती शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं नांदतात. ऑफिसात पहिलं काम उरलेल्या दोघांना खातं. जिच्या सहीवर रजा आणि प्रवासाची बिलं अडतात, जी वर्षाअखेर गोपनीय अहवाल लिहिते, तिच्यासमोर 'मला त्या घराची भीती वाटते' असं कोण म्हणेल? मी भांडून बिलं आणि रजा ऑफिसकडं देऊन टाकल्या. गोपनीय अहवाल अजून माझ्याकडंच आहे. तो सुटत नाही.

तर सात रस्त्याला भेटलेल्या मुली, तू आधी पाच-सात वर्षं काम कर, आणि त्या काळात स्वतःसाठी सुपरव्हायजर शोध. पैसे मोजावे लागले तर मोज. प्रमाणपत्र भिंतीवर लावायला हवं असेल तर माझ्याकडं दाखवायला काही नाही. हुतात्माची काही तिकिटं मात्र फाइलमध्ये निघतील.

सध्या माझ्याकडं एक नवीन मुलगी आहे, अक्कलकोटकडची, कन्नड बोलणारी. तिचीही एक केस अडली आहे. गेल्या सोमवारी म्हणाली, "मॅडम, एकदा तुम्हीच चला ना." लाइट गेली होती, पंखा बंद. मी म्हटलं, "तिथं गेल्यावर तुला काय होतं ते सांग." ती गप्प, मीही गप्प. माझे पाय चपलेत जाऊन बसले होते, खोटं कशाला बोलू. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तो दारातच बसतो, मॅडम. मला त्याच्या बाजूनं आत जावं लागतं." मग त्या दाराबद्दलच बोललो, उरलेली वीस मिनिटं.

गुरुवारी ती गेली, सोबत एका सहकाऱ्याला घेऊन. रेकॉर्ड अजून यायचंय.