जुनी दोननळी, तिसरा महिना: दस्ता अजून तेल ओकतोय

आज दस्त्यातलं तेल ओढून काढणारा अकरावा लेप लावला.

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की ॲक्शनलगतचं, म्हणजे चापाच्या धातूच्या यंत्रणेला टेकणारं लाकूड काळं पडलंय, मळ असेल. मळ कसला! आधीच्यांनी वर्षानुवर्षं बंदूक नळ्या वर करून उभी ठेवली, सढळ हाताने तेल घातलं, आणि ते उतरत उतरत दस्त्याच्या डोक्यात मुरलं. असं लाकूड मऊ पडतं. नख दाबलं तर खूण राहते. बार उडाल्यावर धक्काही नेमका तिथेच बसतो, म्हणून चीर तिथूनच जाते. खडूची भुकटी ॲसिटोनमध्ये कालवायची, लेप द्यायचा, वाळला की ब्रशने झाडायचा. (खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नाही.) पहिला लेप वाळून गेरूसारखा झाला होता, कालचा जेमतेम पिवळट. ॲसिटोनने जुनं पॉलिशही जातं, त्यामुळे मुठीवरच्या नक्षीच्या अलीकडेच थांबतो. यापुढे बंदूक तेल लावल्यावर तोंड खाली करूनच ठेवणार.

स्क्रूंचं विचारू नका. खाचा केसाएवढ्या बारीक, आणि बाजारी स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं, त्यामुळे ते खाचेतून वर सरकतं. टोक दोन्ही बाजूंनी समांतर घासून घेतलं, पण त्याआधी एक खाच मी खराब करून बसलो होतो. ती दिसली की अजून स्वतःचाच राग येतो.

चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा) मापलं: ६५ मिमी. हे नीट वाचा, कारण इथेच गफलत होते. ७० मिमीचं काडतूस यात आरामात बसतं. पण ७० मिमी हे माप उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचं असतं; दुमडलेलं असताना ते आखूडच असतं. बार उडताना तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. तेव्हा 'बसलं म्हणजे चाललं' हा हिशेब इथे नको. नायट्रो प्रूफचा, म्हणजे आधुनिक बिनधुराच्या दारूच्या दाबाला नळ्या तपासल्याचा शिक्का आहे, पण तो मारला त्या दिवसापुरता खरा. नंतर कुणी नळी आतून घासली असेल तर ते मापल्याशिवाय कळत नाही. १२ बोअरच्या नळीचा आतला ठरलेला व्यास साधारण १८.५ मिमी, पण नळीच्या भिंतींची जाडी मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

आणि वाईट बातमी. नळ्या सुट्या करून हुकाला टांगल्या, बोटाच्या पेराने ठोकल्या. घंटेसारखा नाद घुमत राहायला हवा होता. 'टण' झालं आणि मागून बारीक खरखर. दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाग (सोल्डरचा सांधा) कुठेतरी सुटलाय. नळ्यांवर गंज रोखणारा निळसर-काळा थर पुन्हा चढवायचा झाला तर गरम क्षारांचं ब्ल्यूइंग नको, ते मऊ डाग खातं. गंज चढवून करायची जुनी रीतच बरी. पण आधी नळ्या कारागिराकडे. भिंतीही तोच मोजेल, आणि तोवर या बंदुकीत काडतूस घालणार नाही.

उद्या बारावा लेप.