‘तरच’चे इंग्रजी

मराठी भाषकांनी लिहिलेली इंग्रजी पत्रे तपासणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. गेल्या आठवड्यात एका पत्रात ‘इफ यू पे द अ‍ॅडव्हान्स, देन ओन्ली वी विल डिस्पॅच द गुड्स’ असे वाक्य आले. अर्थ लागायला काहीच अडचण नव्हती, कारण त्याच्यामागचे ‘आगाऊ रक्कम भरलीत तरच माल पाठवू’ हे मराठी मला स्वच्छ ऐकू येत होते. त्याच चालीने ‘तरीसुद्धा’चे ‘देन ऑल्सो’ होते, आणि ते तर आपल्या कचेऱ्यांत इतके रुळले आहे की चूक दाखवणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहतात.

मराठी संकेतार्थी वाक्याचा भार ‘तर’वर असतो. ‘पाऊस आला तर सहल रद्द होईल’ यात ‘जर’ नसला तरी काही बिघडत नाही, पण ‘तर’ काढला की वाक्य कोसळते. इंग्रजीत सहसा याच्या उलट घडते. ‘इफ’ लागतोच, ‘देन’ मात्र बहुतेक वेळा गाळलेलाच बरा. त्यामुळे ज्या ‘तर’ला आपण ‘च’ जोडून ‘तरच’ करतो, तो आधारच तिकडे नसतो, आणि ‘च’साठीचे ‘ओन्ली’ व ‘सुद्धा’साठीचे ‘इव्हन’ ही क्रियाविशेषणे मागे सरकवून ‘इफ’च्या आधी ठेवावी लागतात: ‘वी विल डिस्पॅच द गुड्स ओन्ली इफ यू पे द अ‍ॅडव्हान्स’. येथे स्वल्पविरामाची गरज नाही. हाच ‘ओन्ली इफ’ वाक्यारंभी आणला, तर मुख्य वाक्यात सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते: ‘ओन्ली इफ यू पे द अ‍ॅडव्हान्स विल वी डिस्पॅच द गुड्स’. ‘वी विल’ हा क्रम तसाच ठेवणे ही मला सर्वाधिक आढळणारी चूक आहे. शब्दांची अदलाबदल होऊन ‘इफ ओन्ली’ झाले, तर अट संपते आणि ‘असे झाले असते तर किती बरे’ हा उसासा उरतो. व्यापारी पत्रात तो शोभत नाही.

त्याच पत्राच्या शेवटी ‘प्लीज इन्फॉर्म अस इफ द कार्टन्स आर डॅमेज्ड इमिजिएटली’ असेही होते. खोकी ताबडतोब फुटली तर कळवा, असा त्याचा अर्थ होतो. खोकी सावकाश फुटली तर काय करायचे, हे पत्रात नव्हते. ‘इमिजिएटली’ हा शब्द ‘इन्फॉर्म अस’च्या लगेच पुढे, म्हणजे ‘इफ’च्या अलीकडे आणला, की घाई कळवण्याची होते. वाक्य ‘इफ’ने सुरू केले, तर मात्र ‘डॅमेज्ड’नंतरचा स्वल्पविराम विसरता कामा नये, नाहीतर मध्ये अडकलेले ‘इमिजिएटली’ दोन्हीकडे ओढले जाते.

दुरुस्त केलेले पत्र मी परत पाठवले. अंतिम प्रत आली, तेव्हा ‘ओन्ली इफ’ जागच्या जागी होते आणि त्याच्या पुढे कोणीतरी ‘देन’ पुन्हा घातला होता.