एका नावाच्या दोन नौका

गेल्या पावसाळ्यात, कोकणातल्या ज्या लहानशा संग्रहालयात मी कागदपत्रांची सूची करतो, तेथे पंचाहत्तरीच्या एक काकू नातवाला घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी गावच्या शाळेत लागायची होती आणि तिच्यावर ‘१९७१च्या युद्धात बुडालेल्या खुकरी नौकेतून बचावलेले नौसैनिक’ असा मजकूर ठरला होता. मी फक्त त्यातल्या तारखा पडताळून द्यायच्या होत्या.

मेणकापडात गुंडाळलेले सेवापुस्तक मी जपून उघडले. १९४७ साली भरती झालेले, यंत्रखान्यात काम केलेले हे गृहस्थ १९५७ साली सेवामुक्त झाले होते. दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हँगोर’च्या पाणतीराने ९ डिसेंबर १९७१च्या रात्री बुडालेली ‘खुकरी’ ही ब्रिटनमध्ये बांधलेली पाणबुडीविरोधी फ्रिगेट भारतीय नौदलात दाखल झाली तीच मुळी १९५८ साली, म्हणजे ते घरी परतल्यानंतर. तरीही पुस्तकात नौकेचे नाव स्पष्ट होते, फक्त वर्णलेखन थोडे वेगळे : ‘कुक्री’.

उत्तर एका फोटोत सापडले. डेकवरच्या लांब नळीच्या तोफेला टेकून सहा तरुण उभे होते. बुडालेल्या खुकरीवर अशी तोफ नव्हती. तिच्या वर्गाच्या नौकांवर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा आणि पाणबुड्यांवर मारा करणारे मॉर्टर असत. चार इंची तोफ होती ती दुसऱ्या महायुद्धातल्या ‘रिव्हर’ वर्गाच्या फ्रिगेटवर. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजांचे काफिले टिपत होत्या आणि लहान कॉर्व्हेट नौका लांबच्या पल्ल्याला अपुऱ्या पडत होत्या, म्हणून अधिक लांब, दोन पंख्यांच्या आणि एकदा इंधन भरले की बारा नॉट वेगाने सुमारे ७,००० सागरी मैल जाऊ शकणाऱ्या या संरक्षक नौका घाईने बांधल्या गेल्या. त्यांतली ब्रिस्टलला बांधलेली ‘ट्रेंट’ १९४३ साली ब्रिटिश नौदलात आली, १९४६ साली रॉयल इंडियन नेव्हीकडे येऊन ‘कुक्री’ झाली आणि १९५१ साली तिला सागरी सर्वेक्षणाला लावून ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे नाव देण्यात आले. सेवापुस्तकात त्यापुढे ‘इन्व्हेस्टिगेटर’चीच नोंद होती. कुटुंबाला ती दुसरी नौका वाटत आली होती. प्रत्यक्षात त्यांचे वडील त्याच नौकेवर राहिले आणि नाव तेवढे बदलले. मोकळे झालेले जुने नाव नव्या फ्रिगेटला मिळाले.

हे काकूंना सांगणे मला फार जड गेले. दुसऱ्या खुकरीवर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपली नौका सोडून गेले नाहीत. त्या रात्रीतून वाचलेल्यांमध्ये आपले वडील होते, असे ज्या घराने पन्नास वर्षे मानले, त्याच्या हातून मी ते काढून घेत होतो. नातू म्हणाला, “सर, मग आजोबा खोटं बोलले का?”

काकूंनी त्याला थांबवले. “बाबा कधीच म्हणाले नाहीत की मी वाचलो. ते एवढंच म्हणायचे, ‘आमची कुक्री गेली.’ रेडिओवर बातमी ऐकली त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि पुढे दरवर्षी त्या तारखेला जेवत नसत. वाचल्याचं आम्हीच धरून चाललो.”

यंत्रखान्यात दहा वर्षे काढलेल्या माणसाला, आपली नौका ती नव्हती हे निश्चित ठाऊक असणार. आपल्या नौकेच्या नावाने गेलेल्या अनोळखी लोकांचे सुतक त्यांनी पाळले असावे, असे मला वाटते, आणि हे मला बचावण्याच्या कथेपेक्षा मोठे वाटते.

आम्ही मजकूर बदलला. पाटीवर आता त्यांच्या नावाखाली ‘कुक्री (नंतरची इन्व्हेस्टिगेटर), १९४७ ते १९५७’ असे लिहिले आहे. खाली काकूंनी आग्रहाने आणखी एक ओळ घालायला लावली : ‘९ डिसेंबरला उपवास करीत.’ मुख्याध्यापकांना ती ओळ प्रथम पटली नव्हती. काकू बोलल्यावर त्यांनी ती तशीच ठेवली.