आमची वाटचाल : उसाच्या चेनपासून बर्फगाडीच्या पट्ट्यापर्यंत

बेळगावात स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारी दातेरी चाके, करणाऱ्यांची वाण नाही. चिकोडी, रायबाग, गोकाक भागात साखर कारखाने आहेत. गळीत हंगाम तोंडावर आला की केन कॅरिअरचे, बगॅस कॅरिअरचे, म्हणजे ऊस आणि त्याचा चोथा वाहून नेणाऱ्या चेनच्या पट्ट्यांचे, काम सगळ्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीला पुरून उरते. आमचा कारखानाही त्याच कामावर उभा राहिला. पण स्नोमोबाइल, म्हणजे रबरी पट्ट्यावर चालणारी बर्फगाडी, हिच्या सरळ धावेच्या शर्यतींना (ड्रॅग रेसिंगला) लागणारे ट्रॅक ड्रायव्हर, म्हणजे तो पट्टा फिरवणारी दातेरी चाके, आमच्या गल्लीत पहिल्यांदा निघाले ते आमच्या शेडमधून. हे लिहून ठेवतो आहे, कारण आज दुसराच कोणी ते आपले म्हणून सांगत फिरतो.

माझे भागीदार अण्णा बैलहोंगलकडचे. माझ्याशी मराठी बोलत, पण आकडे मोजायचे ते कन्नडातच. डिव्हायडिंग हेडवर, म्हणजे चाकाचे सारखे भाग पाडायच्या हातयंत्रावर, त्यांच्यासारखा हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. हँडलचे चाळीस फेरे झाले की चाक एकदा पूर्ण फिरते; नऊ दाते पाडायचे तर चाळीस भागिले नऊ, म्हणजे हँडलचे चार पूर्ण फेरे आणि 18 भोकांच्या वर्तुळावर आठ भोके पुढे. ओंदु, एरडु, मूरु असे ओठातल्या ओठात मोजत ते पिन बसवीत. पिन बसेपर्यंत त्यांना हाक मारायची नाही, हा शेडचा नियम होता. व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग मशीन) आल्यावरही ते हेड आम्ही विकले नाही. खंडेनवमीला पहिला हार त्यालाच.

हे काम आणले शहापूरच्या दादांनी. ते शिकून मिनेसोटात गेले आणि तिथे मित्रांबरोबर बर्फगाड्या तयार करू लागले. तिकडे नॉर्थ ब्रँचला सप्टेंबरच्या सुरुवातीला, बर्फ पडायच्या कितीतरी आधी, गवतावर या गाड्यांच्या शर्यती लागतात. 500 फुटांची धाव, डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपते. दादांनी रबरी पट्ट्याचा फूटभर कापलेला तुकडा पाठवला आणि फोनवर एवढेच म्हणाले, "तात्या, ड्रॉइंग नंतर बघा. आधी पिच मोजा." पिच म्हणजे एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतचे अंतर.

तुकडा सरफेस प्लेटवर, म्हणजे मापे घ्यायच्या सपाट पाटावर, ठेवला. कापलेल्या कडेला फायबरग्लासच्या काड्यांची तोंडे दिसत होती, पट्ट्यातल्या खिडक्यांच्या, म्हणजे आरपार भोकांच्या, कडेच्या लोखंडी क्लिप झिजून चकाकत होत्या, आतल्या बाजूला रबराचे दाते. एकाच दात्यावर व्हर्नियर लावून उपयोग नाही, रबर दबते. जमतील तेवढे पिच एकदम मोजायचे आणि भागायचे. उत्तर आले 64 मिलीमीटर, म्हणजे 2.52 इंच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी रामकहाणी त्याच्यावरच आहे.

कोणता ड्रायव्हर निवडावा असे गिऱ्हाइके विचारतात म्हणून सांगतो. गाडी सुटताना सगळा जोर ड्रायव्हरच्या दोन-चार दात्यांवर येतो. पट्टा सैल असला तर तो दात्यांवरून उडी मारतो. बहुतेक लोक मग पट्टा आवळतात. आवळलेला पट्टा इंजिनाची ताकद खातो आणि शेवटच्या शंभर फुटांत गाडी मागे पडते. त्यापेक्षा खिडकीत शिरणारे दाते आणि आतल्या रबरी दात्यांना रेटणारे दाते, असे दोन्ही असलेला ड्रायव्हर घ्या. पट्टा थोडा सैल ठेवता येतो. दाते जास्त असले तर व्यास मोठा, पट्ट्याला बाक कमी, ताकद कमी वाया जाते. पण नवाचे दहा केलेत की गिअरिंग अकरा टक्क्यांनी उंच होते, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्यात पट्टा तेवढा जास्त सरकतो. चेनकेसमधले, म्हणजे ड्रायव्हरच्या शाफ्टला ताकद देणाऱ्या चेनच्या पेटीतले, स्प्रॉकेट त्या हिशेबाने बदलायला हवे आणि वर टनेलला, म्हणजे पट्ट्यावरच्या पत्र्याच्या बोगद्याला, पट्टा घासतो का तेही बघायला हवे. हे न करता नुसते मोठे ड्रायव्हर घालतात आणि मग गाडी उठत नाही म्हणून आम्हाला फोन करतात.

मालाचेही तसेच. नायलॉन बेळगावच्या पावसात पाणी पितो आणि फुगतो. आम्ही यूएचएमडब्ल्यू नावाचे चिवट प्लास्टिक वापरतो. ते शिकंज्यात निसटते, टूलवर दोऱ्यासारखे गुंडाळते, तापले की वाकडे होते. रफ, म्हणजे मापापेक्षा थोडे मोठे कापून, रात्रभर ठेवायचे आणि सकाळी फिनिश करायचे. शिवाय इथल्या तीस अंशांत मोजलेला ड्रायव्हर उणे वीसमध्ये व्यासात मिलीमीटरभर तरी आकसतो. गवतावर धावणार की बर्फावर, हे विचारल्याशिवाय आम्ही साइज धरत नाही.

मागणी वाढली तसा मुंबईचा एक एजंट मध्ये आला. त्याने आमचे ड्रॉइंग आणि नमुना उचलून आमच्याच मागच्या गल्लीतल्या एका शेडला दिला. तिथे तिसऱ्या हिश्श्याने स्वस्त माल निघाला. कसा? 2.52 कशाला, अडीच इंच धरू. पिच 63.5. दात्यामागे अर्धा मिलीमीटर कमी, नऊ दात्यांच्या एका फेऱ्यात साडेचार. तो माल आमच्या खोक्यांत, आमच्या मालात मिसळून गेला. तिकडे पट्टे उडाले, रबरी दाते सोलून निघाले आणि रिजेक्शनचा कागद आमच्या नावाने आला.

एजंटने आधीच्या बिलांचे पैसेही अडवले. व्हीएमसीचे हप्ते चालू, हंगाम संपलेला, साखर कारखान्यांची येणी नेहमीप्रमाणे लांबलेली. दोन चांगले ऑपरेटर सोडून गेले, आणि गेले कुठे, तर त्याच मागच्या शेडला. बँकेचा माणूस मशीनचा नंबर लिहून घेऊन गेला. अण्णांनी घराचा स्लॅब थांबवला आणि ते पैसे हप्त्यात घातले. मला विचारलेसुद्धा नाही. एजंटला आम्ही पत्रावर पत्रे लिहिली. आजतागायत उत्तर नाही.

सोडवले ते दादांनी. ते म्हणाले, "दोन्ही तऱ्हेचे ड्रायव्हर माझ्याकडे आहेत, मी सांगतो कोणते तुमचे." नऊ दाते म्हणजे दाता चाळीस अंशांवर आणि शाफ्ट षटकोनी, म्हणजे बाजू साठ अंशांवर. त्याच शाफ्टवरचा शेजारचा ड्रायव्हर एक बाजू चुकून बसवला तर दाते बरोबर अर्ध्या दात्याने सरकतात आणि पट्टा तिरका ओढला जातो. म्हणून अण्णा प्रत्येक ड्रायव्हरच्या एका कोपऱ्यावर सेंटर पंचने ठिपका मारत. ठिपक्यासमोर ठिपका ठेवून शाफ्टवर प्रेस करायचे. नक्कल करणाऱ्याला तो ठिपका कशासाठी आहे तेच कळले नव्हते, त्यामुळे त्याने तो मारलाच नव्हता. दादांनी बिनठिपक्याचे सगळे वेगळे काढले, फोटो काढले आणि तिकडच्या दुकानदारांना पाठवले. पुढची ऑर्डर थेट आमच्याकडे आली, अर्धी रक्कम आगाऊ.

त्यानंतरची वर्षे कामात गेली. अण्णांचा स्लॅब पडला, आता त्यांचा मुलगा मशीनवर असतो. मागच्या शेडच्या दारावरच्या फलकावर अजूनही आमच्या ड्रायव्हरचा फोटो आहे. नीट बघितले तर कोपऱ्यावर ठिपका दिसतो.

सध्या तीन इंची पिचचे, आठ दात्यांचे काम चालू आहे. कोणाला करून घ्यायचे असेल तर पट्ट्याचा निदान पाच पिचचा तुकडा पाठवा, सोबत शाफ्टचे माप आणि गाडी कशावर धावणार ते कळवा. नुसत्या फोटोवरून आम्ही माल करत नाही.