जेरुसलेम व्हायरसची वागणूक
१९८७ साली जेरुसलेममध्ये सापडलेला हा डॉस (जुन्या पीसींची ऑपरेटिंग सिस्टिम) व्हायरस, बाधित प्रोग्रॅम चालवताच, मेमरीत ठाण मांडून बसे आणि कमांड.कॉम (वापरकर्त्याच्या आज्ञा घेणारी डॉसची फाइल) वगळता पुढे चालवल्या जाणाऱ्या कॉम व ईएक्सई या दोन प्रकारच्या प्रोग्रॅम-फाइलींना स्वतःची प्रत जोडत असे. कॉम फाइल एकदाच, १८१३ बाइटने वाढे. ईएक्सई फाइल आधीच बाधित आहे हे मात्र त्याला ओळखता येत नसे, त्यामुळे ती दर वेळी फुगत जाऊन अखेर मेमरीत मावेनाशी होई, आणि माझ्या मते या चुकीनेच त्याचे बिंग फुटले. १९८७ नंतरच्या कोणत्याही १३ तारखेच्या शुक्रवारी चालवलेला प्रोग्रॅम तो पुसूनच टाकी. व्हायरस मेमरीत सक्रिय असताना केलेली साफसफाई व्यर्थ ठरे. म्हणून संगणक पूर्ण बंद करून, राइट-प्रोटेक्ट केलेल्या (म्हणजे काही लिहिता येणार नाही अशा) स्वच्छ फ्लॉपीवरून डॉस सुरू करून, बाधित फाइली काढून त्या मूळ फ्लॉपींवरून पुन्हा भरणे हाच खात्रीचा उपाय होता.