महालात कार नेऊ नका

पुण्याहून आलेल्या मावसभावाला आमच्या नागपुरातला महाल, म्हणजे जुन्या शहराची वस्ती, दाखवायचा म्हणून रविवारी हौसेनं कार काढली. बडकस चौकाच्या अलीकडं गल्लीत समोरून ठेला, मागून ऑटो आणि आम्ही मधात. ओट्यावर पेपर वाचत बसलेले काका म्हणाले, "बाबू, इथं कार कायले आणली बे?" बरोबरच होतं त्यांचं. आरसा घासला तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मेट्रोनं चितार ओळी चौकात उतरलो. तुम्हीही तसंच करा. गणपतीच्या आधी या बाजूला ओल्या मातीच्या मूर्ती दाटीवाटीनं उभ्या असतात. तिथून दक्षिणेला चालत गेलं की महाल.

इथं मोबाईलचा नकाशा बघण्यापेक्षा नावं ऐकावीत. गोंड राजा बख्त बुलंद शाहानं १७०२ च्या सुमारास बारा वस्त्या जोडून हे शहर वसवलं, त्याच्यानंतरच्या चांद सुलतानानं तटबंदी आणि जुम्मा तलाव केला, आणि १७४३ पासून भोसल्यांचा अंमल आला. बाजाराच्या वारावरून इतवारी, बुधवारी, शुक्रवारी अशी पेठांची नावं पडली. त्यांच्या आत धंद्याच्या ओळी, चिताऱ्यांची ती चितार ओळी. म्हणून पत्ता विचारताना रोडचं नाव सांगू नका, ओळ विचारा.

भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला. भाऊ "वाडा कुठाय, वाडा कुठाय" करत होता. त्या वाड्यातला नगारखान्याचा दरवाजा तेवढा वाचला. मला त्याहून जास्त आवडतात ती साधी घरं: उंच ओटा, मोठ्या दारातच वाकून जायचं छोटं दार, आत चौक. केळीबाग रोडला रुंदीकरणात कापलेली घरं बघून मात्र जीव हळहळतो.

वाड्यांत माणसं राहतात, फोटो काढण्याआधी विचारा. आम्हाला एका घरी नाही म्हटलं, दुसरीकडं चहा मिळाला.

शेवटी गांधी गेटमधून, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाज्यातून, बाहेर पडून गांधीसागरकडं जा. तोच जुना जुम्मा तलाव. जाता जाता तर्री पोहे खाऊन घ्या. आणि घरं निवांत बघायची असतील तर तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, येऊ नका. त्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते. मारबतच बघायची असेल तर याच, पण चपला घट्ट बांधून.