बाजार पडला की दापोलीत फोन वाढतात

शेअर बाजार गडगडला की मुंबईहून फोन येतात. "मामा, एखादी जागा बघ ना. जमीन काही पडत नाही."

पडते. फक्त तिचा भाव रोज टीव्हीवर दिसत नाही. पैशाची नड आली आणि गिऱ्हाईक मिळेना, की मग कळतं. म्हणून कर्ज काढून किंवा दोन वर्षांत लागणाऱ्या पैशातून कोकणात जागा घेऊ नये, या मताचा मी आहे.

परवा भाच्यासाठी एक सातबारा काढला. अकरा गुंठे, हापूसची जुनी कलमं, माडांमागं समुद्र. मन भरून यावं अशी जागा! पण उताऱ्यावर सतरा नावं. दोघे वारलेले, वारसनोंद नाही, एक आत्या बडोद्याला. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाची नोंद, म्हणजे जमीन कसणाऱ्याचाही हक्क निघू शकतो. एजंट म्हणाला, सगळ्यांच्या सह्या मिळतील. त्या मिळेपर्यंत बयाणा द्यायचा नाही, हे मी तिथंच सांगितलं.

भाचा शेतकरी खातेदार नाही, म्हणजे कुळकायद्याचं कलम 63 आलंच. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन त्याच्या नावावर व्हायची नाही. शिवाय भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला किनारपट्टा. घर बांधता येईल की नाही, ते नकाशा बघून ठरवायचं, एजंटच्या शब्दावर नाही. रस्ता? पाणंद शेजाऱ्याच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आतून जाते, नकाशावर ती नाहीच.

बाजार सावरेल, पुन्हा पडेल. तोवर त्या सगळ्या हिस्सेदारांनी वारसनोंद आणि मोजणी करून घेतली, तर मी स्वतः भाच्याला घेऊन जाईन.